म्हशीचे पाय, भुंग्याचे पाय: पेन्सिलीने प्राणी आणि कीटक काढायला सुरुवात कशी करावी?

प्रश्न: रानवाट_खानापूर

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. गावाच्या शिवारात दिसणारे प्राणी आणि कीटक यांची एक हस्तलिखित वही चौथीच्या मुलांसाठी तयार करावी, आणि तिच्यातली चित्रे छापील तक्त्यावरून न उतरवता स्वतः पाहून काढावीत, असे बरेच दिवस मनात आहे. चित्रकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही. रांगोळी आणि फळ्यावरच्या आकृत्या एवढाच काय तो हाताला सराव.

अडचणी नेमक्या सांगते. म्हशीचे धड बऱ्यापैकी जमते, पण पाय लावले की चार खांबांवर ठेवलेले पोते दिसते. कुत्र्याचा मागचा पाय कुठेतरी उलटा वाकतो हे दिसते, पण तो नेमका कुठे आणि किती वाकवावा हे समजत नाही. मुंगी किंवा भुंगा काढताना पाय सहा असतात एवढे ठाऊक असते, मात्र ते शरीराच्या कोणत्या भागातून निघतात याचा अंदाज येत नाही, म्हणून ते मी जागा मिळेल तिथे चिकटवते. छायांकन करू लागले की सगळे चित्र एकसारखे करडे आणि मळकट होऊन जाते.

सुरुवात प्राण्यांपासून करावी की कीटकांपासून? समोर बसून काढावे की फोटोवरून? पेन्सिली कोणत्या घ्याव्यात, आणि मुद्दाम बेळगावला जाऊन आणावे असे काही सामान आहे का? मोबाईलवर ‘एक वर्तुळ काढा, त्याला दुसरे जोडा, झाला ससा’ अशा पद्धतीचे धडे पुष्कळ मिळतात. ते गिरवले की ससा होतो, परंतु दारातली शेळी काढायला बसले की त्यातले काहीही उपयोगी पडत नाही.

उत्तर: शहापूर_निवृत्त

बाई, धड जमते आणि पाय बिघडतात याचे कारण सोपे आहे. धड आपण पाहून काढतो आणि पाय मात्र माणसाच्या पायांच्या आठवणीने काढतो. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर यांच्या मागच्या पायाच्या मध्यावर जो मागे निघालेला कोन दिसतो, त्याला बहुतेक जण गुडघा समजतात आणि मग तो उलटा कसा वाकतो या कोड्यात पडतात. तो गुडघा नव्हेच, ती टाच आहे. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेला, कातडीत जवळजवळ झाकलेला असतो आणि तो आपल्या गुडघ्याप्रमाणेच पुढच्या बाजूला वाकतो. पुढच्या पायाचेही तसेच आहे: मध्यावर जो गुडघा वाटतो ते मनगट, आणि कोपर वर छातीला लागून. माणूस आणि अस्वल पूर्ण तळवा टेकून चालतात, कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, तर गाय, म्हैस, शेळी, घोडा ही जनावरे बोटांच्या अगदी टोकांवर, म्हणजे नखांवर उभी असतात. खूर हे त्यांचे नखच होय. घोड्याचा खूर अखंड असतो, गाईचा आणि म्हशीचा दुभंगलेला असतो. वर्गातल्या मुलांना हात जमिनीवर टेकून आणि टाचा उचलून ओणवे उभे करा, म्हणजे त्यांच्याच अंगावर टाच कुठे, गुडघा कुठे, मनगट कुठे हे त्यांना दिसेल, आणि तुमचीही शंका तिथल्या तिथे फिटेल.

दुसरी गोष्ट फऱ्याची, म्हणजे खांद्याच्या सपाट हाडाची. गाय, म्हैस, शेळी यांना आपल्यासारखे हासळीचे हाड नसते. त्यांचा फरा धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला नसून केवळ स्नायूंनी बरगड्यांवर धरलेला असतो, आणि जनावर चालू लागले की तो कातडीखाली पुढेमागे सरकताना स्पष्ट दिसतो. मागचा पाय मात्र कमरेच्या हाडातल्या खोबणीत पक्का बसलेला असतो. म्हणून पुढचा पाय पोटाच्या रेषेपासून सुरू करू नये; तो वर मानेच्या बुडाजवळून, फऱ्याच्या वरच्या कडेपासून काढत खाली आणावा. तुमच्या चित्रातला खांब तेवढ्याने नाहीसा होईल.

काढण्याचा क्रम मी असा ठेवतो. टाळूपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची एकच लांब, फिकट रेषा, मग बरगड्यांच्या पिंजऱ्याचा मोठा अंडाकार आणि पुठ्ठ्याचा, म्हणजे कमरेमागच्या भागाचा, लहान अंडाकार, मग डोके, आणि पाय सुरुवातीला केवळ सांध्यांचे ठिपके जोडणाऱ्या रेषांनी. तुमच्या त्या ससेवाल्या धड्यांतही अंडाकार असतातच, परंतु ते कशाचे आहेत हे तिथे कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच ती युक्ती शेळीवर चालत नाही. प्रमाणासाठी पेन्सिल धरलेला हात कोपरात न वाकवता समोर ताठ ठेवा, एक डोळा मिटा, अंगठ्याने डोक्याची लांबी पेन्सिलीवर पकडा आणि धड तिच्या किती पट भरते ते मोजा. घोड्याच्या बाबतीत धड मुंडक्याच्या सुमारे अडीच पट हे चित्रकारांचे जुने प्रमाण आहे. गाई-म्हशींचे प्रमाण मात्र दावणीच्या जनावरावरच मोजावे, कारण खिलार बैलाची ताठ, उंच, हडकुळी ठेवण आणि म्हशीची बुटकी, रुंद ठेवण यांना एकच माप लावता येत नाही. शिंगेही पाहून काढावीत. पंढरपुरी म्हशीची शिंगे मागे जाऊन खांद्यापर्यंत पोचतात, खिलाराची मागे झुकून धनुष्याच्या बाकाने वर जातात. तक्त्यावर मात्र सर्व गुरांची शिंगे एकाच तऱ्हेची असतात.

पाय बसले की नाही हे तपासायचे असेल तर पाय पाहू नका, पायांच्या मधून दिसणारा उजेड पाहा. पोटाखाली, चार पायांच्या फटींतून पलीकडच्या गोठ्याचे किंवा भिंतीचे जे तुकडे दिसतात, त्यांचे आकार कागदावर जसेच्या तसे उतरवले की पायांची जाडी आणि तिरकेपणा आपोआप जागेवर येतो.

जनावर हलते ही तक्रार सर्वांची असते. बसून रवंथ करणारी गाय, डबक्यात बसलेली म्हैस आणि दुपारी ओट्यावर झोपलेला कुत्रा हे नवशिक्याचे सर्वांत चांगले नमुने होत. उभे जनावर काढताना एका कागदावर चार-पाच चित्रे एकदम सुरू ठेवा. त्याने मान वळवली की दुसरे चित्र घ्या. जनावरे पुन:पुन्हा त्याच ठेवणींत येतात, तेव्हा पहिले पुढे न्यावे. अर्धवट राहिलेल्या चित्रांची लाज बाळगू नये.

सामान फार लागत नाही. एचबी, २बी आणि ४बी या तीन पेन्सिली पुरेत. पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट आणि माती यांचे मिश्रण असते. माती जास्त असली की कांडी कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त असले की मऊ आणि काळी, एवढे ध्यानात ठेवले की आकड्यांचा गोंधळ होत नाही. नटराज, अप्सरा, कॅमलिन यांपैकी जी मिळेल ती चालेल. टोक शार्पनरने न करता ब्लेडने लांब काढा, म्हणजे तीच पेन्सिल आडवी धरून रुंद छटाही देता येते. बेळगावच्या बाजारातून आणायचेच झाले तर १५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाच्या जाडीचे माप) आसपासचा कार्ट्रिज नावाचा चित्रकलेचा कागद आणि मळून वापरायचा मऊ खोडरबर, ज्याला दुकानदार नीडेड रबर म्हणतात, या दोनच वस्तू आणाव्यात. छटा पसरवण्याच्या कागदी कांड्या सध्या घेऊ नयेत. नवशिक्याच्या हातात त्या पडल्या की चित्र मळते, आणि तुमची शेवटची तक्रार बहुधा तिथलीच, किंवा बोटाने पुसण्याच्या सवयीची, असावी.

बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी चित्रमंदिर या आपल्या कलासंस्थेत विद्यार्थी घडवले, रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले. अशा जिल्ह्यात म्हैस तक्त्यावरून उतरवली जाऊ नये, हा तुमचा आग्रह मला मनापासून आवडला.

उत्तर: निपाणी_शिवार

सरांनी प्राण्यांचे सांगितलेच आहे. मी कृषी शाखेचा असल्याने कीटकांपुरते लिहितो. माझे मत विचाराल तर सुरुवात कीटकांपासून करावी, कारण मेलेला भुंगा मान वळवत नाही.

कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात. वक्षाचे पुन्हा तीन खंड, प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, आणि पंख असलेच तर ते दुसऱ्या व तिसऱ्या खंडावर. उदराला पाय नसतात. मुंगी काढताना मागच्या फुगीर भागाला दोन पाय लावण्याची जी चूक मुले हमखास करतात, ती एवढ्याने सुटते. मुंगीचे आणखी दोन विशेष आहेत: वक्ष आणि फुगीर भाग यांच्यामध्ये एक किंवा दोन गाठींची बारीक कंबर असते, आणि मिशा मध्येच कोपरासारख्या दुमडलेल्या असतात. कंबरेची गाठ आणि मिशीचे कोपर काढले की तिला कोणी दुसरा किडा म्हणणार नाही.

आता भुंग्याकडे वळू, कारण बाईंचा गोंधळ मला वाटते तिथेच होत असावा. भुंग्याकडे वरून पाहिले तर पुढचे दोन पाय डोक्यामागच्या ढालीखालून आणि उरलेले चार पाय पाठीवरच्या कडक कवचाखालून निघालेले दिसतात. कवचाखाली उदर आहे असे आपण धरतो, आणि मग पाय उदरातून निघाले असे वाटू लागते. प्रत्यक्षात ती ढाल म्हणजे वक्षाचा केवळ पहिला खंड असतो. दुसरा आणि तिसरा खंड कवचाच्या पुढच्या भागाखाली झाकलेले असतात. ते कवच म्हणजे भुंग्याच्या पंखांची पुढची जोडी, आणि पाठीच्या मधोमध जी सरळ रेघ दिसते ती त्या दोन पंखांची शीव. भुंगा एकदा उताणा करून पाहिला की सहाही पायांची मुळे पुढच्या निम्म्या भागात एकवटलेली दिसतात. नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्याकडे वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे (उसाची मुळे खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात आणि दिव्याखालीही येऊन पडतात. उसाचे एवढे नुकसान करणारा हा किडा चित्रासाठी मात्र उत्तम आहे: आकार सोपा, रंग तपकिरी, आणि मिशांच्या टोकांना पंख्यासारख्या उघडणाऱ्या लहान पट्ट्या.

पायाचेही भाग असतात. मांडी, नडगी आणि शेवटी बारीक तुकड्यांचे पाऊल, त्याच्या टोकाला नख्या. नाकतोड्याच्या मागच्या पायात मांडी जाड आणि नडगी काटेरी, हे सर्वांना दिसते. परंतु इतर कीटकांतही प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी असते आणि सांध्यापाशी तो बारीक होतो. पाय तारेसारखा एकाच जाडीचा काढला की कीटक खेळण्यातला वाटतो.

चालता कीटक काढायचा असेल तर एक नियम फार उपयोगी पडतो. बहुतेक कीटक एका बाजूचे पुढचे व मागचे आणि दुसऱ्या बाजूचे मधले असे तीन पाय एकदम टेकवतात आणि तेवढ्यात उरलेले तीन उचलतात. म्हणून दोन्ही बाजूंचे पाय आरशातल्यासारखे सारखे काढू नयेत.

या सगळ्याला अपवादही आहेत, आणि तिथे डोळ्यांवरच विश्वास ठेवावा लागतो. रुईच्या झाडाभोवती नारिंगी रंगाची, काळ्या-पांढऱ्या टोकांची फुलपाखरे असतात. ती बसली की त्यांचे चारच पाय दिसतात, कारण त्या कुळात पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते. तिथे पुस्तकी ज्ञानाने सहा पाय काढू नयेत. फुलपाखराच्या मिशांची टोके गाठीसारखी जाड असतात, पतंगाच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा नुसत्या निमुळत्या असतात. चतुर बसतानाही पंख आडवे पसरून ठेवतो आणि टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक अंगाचा कीटक) ते पाठीवर मिटते. चतुराचे मागचे पंख मुळाशी पुढच्यांहून रुंद असतात, हे फार थोड्या चित्रांत दिसते. कोळ्याला आठ पाय आणि शरीराचे दोनच भाग असतात. पहिल्या पावसानंतर दिसणारा तो मखमली लाल मृगाचा किडाही आठ पायांचाच, म्हणजे कीटकांत मोडणारा नव्हे. वहीत त्याला कीटकांच्या पानावर घालू नका, नाहीतर एखादा चौकस पोरगा पाय मोजून तुम्हाला विचारेल.

काढण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. दिव्याखाली मरून पडलेले कीटक काडेपेटीत कापसावर ठेवा आणि बाजूला डांबरगोळीचा तुकडा ठेवा, म्हणजे त्यांना मुंग्या लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग बाळगा. चित्र मात्र कीटकाच्या आकाराचे न काढता निदान तळहाताएवढे काढा. मधोमध उभी रेषा आखा, शरीराचा एकच निम्मा भाग नीट पाहून काढा आणि ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरा निम्मा उतरवा. शास्त्रीय चित्रे काढणारेही हीच युक्ती वापरतात. पाय आणि मिशा त्यानंतर, प्रत्यक्ष ज्या ठेवणीत असतील तशा.

उत्तर: लेन्स_चिकोडी

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी फोटोला एवढे परके करू नये असे मला वाटते. शाळा, घर आणि वडाप जीपची वाट पाहणे यांतून वेळ काढून शिकणाऱ्या माणसाला गोठ्यात तासभर बसणे नेहमी शक्य नसते. शिवाय काही गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. पूर्वीचे चित्रकार चौखूर उधळलेला घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून तो हवेत तरंगताना दाखवत असत. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा कळले की चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पाय पोटाखाली एकत्र आलेले असताना. शेकडो वर्षे घोड्यांबरोबर राहिलेल्या माणसांनाही हे नुसत्या नजरेने कळले नव्हते.

माझी सूचना अशी की म्हैस चालत असताना तिच्या बाजूने मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा आणि तो जागोजागी थांबवून पायांची रेखाटने करावीत. साधारणपणे डावा मागचा, डावा पुढचा, मग उजवा मागचा, उजवा पुढचा असा क्रम दिसेल. फोटो घेताना मात्र जनावराच्या तोंडाशी मोबाईल नेऊ नये. जवळून घेतलेल्या फोटोत नाकाड मोठे आणि पुठ्ठा लहान येतो, आणि ती विकृती चित्रात तशीच उतरते. चार-पाच पावले मागे जावे, जनावराच्या खांद्याच्या उंचीवर मोबाईल धरावा आणि झूम करावे. उभ्या माणसाने वरून खाली घेतलेल्या फोटोत कुत्र्याचे पाय नेहमीच आखूड दिसतात.

उत्तर: शहापूर_निवृत्त

चिकोडीकरांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि व्हिडिओ थांबवून काढण्याची सूचना तर फारच चांगली आहे. माझा विरोध स्वतः काढलेल्या फोटोला नाही, दुसऱ्याने काढलेल्या चित्रावरून चित्र उतरवण्याला आहे. त्याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याशी निगडित आहे. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो पाहिला नव्हता. कोणीतरी पाठवलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने चित्र केले. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आणि खांद्यावर एक जादा शिंग आले. ड्यूररचा हात असा काही होता की चित्र पाहणाऱ्याला शंकाच येत नाही, आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे युरोपातले लोक तेच चित्र आणि तेच शिंग उतरवत राहिले. हाच ड्यूरर समोर ससा किंवा भुंगा ठेवून काढतो तेव्हा एक केस चुकत नाही. शाळेच्या तक्त्यांवरही अशी खांद्यावरची शिंगे पुष्कळ असतात.

प्रश्नकर्तीची पुढील विचारणा: रानवाट_खानापूर

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. टाचेची आणि भुंग्याच्या ढालीची गोष्ट वाचून अनेक दिवसांची गाठ सुटली. आणखी तीन गोष्टी विचारते. आमच्या भागात गवा येतो, मुलांनी तो भाताच्या शेतात पाहिलेला असतो, त्यामुळे तो वहीत हवाच. परंतु मी काढलेला गवा म्हैसच दिसतो. दुसरे, मुलांना जिवंत कीटक वर्गात दाखवून काढायला लावावेत काय? आणि छायांकनाबद्दल, विशेषतः काळ्या म्हशीबद्दल, सविस्तर सांगावे.

उत्तर: कणकुंबी_घाट

गव्याबद्दल मी सांगतो, कारण आमच्या जांबोटी-कणकुंबी भागात तो वारंवार नजरेस पडतो. म्हशीची पाठ साधारण सपाट असते. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा असतो आणि तो मध्यावर येऊन एकदम खाली उतरतो. बाजूने पाहिल्यास हा उतार लांबूनही ओळखू येतो. चारही पाय गुडघ्याच्या, म्हणजे सरांच्या हिशेबाने मनगटाच्या आणि टाचेच्या, खाली पांढरट असतात. शिंगे दोन्ही बाजूंना निघून वर व आत वळतात, आणि त्यांच्यामध्ये कपाळावर फिकट रंगाचा उंचवटा असतो. म्हशीची शिंगे चपटी आणि मागे जाणारी. पाठीचा कणा, पांढरे पाय आणि शिंगांचा बाक या तीन खुणा साधल्या की छायांकन न करताही गवा ओळखता येतो.

मात्र गव्याचे आणि अस्वलाचे चित्र फोटोवरूनच काढावे. वही-पेन्सिल घेऊन भीमगड अभयारण्याच्या कडेला बसण्याचा उत्साह कोणी दाखवू नये, एकटा गवा तर मुळीच विश्वासाचा नसतो. रानातले प्राणी निवांत पाहून काढायचे असतील तर बेळगावजवळ भुतरामनहट्टीचे कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय आहे; मुलांची सहल तिकडे न्यावी आणि प्रत्येकाच्या हातात कागद द्यावा.

उत्तर: निपाणी_शिवार

जिवंत कीटक अवश्य दाखवावेत, पण पकडण्याचे काम मोठ्यांनी करावे. झाकणाला बारीक भोके पाडलेली काचेची बरणी घ्या, आत पानासह एकच नाकतोडा किंवा एकच भुंगा ठेवा, बरणी सावलीत ठेवा आणि तास संपला की जिथून आणला तिथेच सोडा. मुंग्यांसाठी बरणीही नको. ओट्यावर साखरेचे चार दाणे टाकले की वर्गापुरते नमुने स्वतःहून येतात. केसाळ सुरवंट, गांधीलमाशी आणि गोम यांना मुलांनी हात लावू नये. सुरवंटाचे केस अंगाला लागले की खाज सुटून पुरळ उठते. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलून आणू नये, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर: शहापूर_निवृत्त

छायांकन मळकट होते, कारण नवशिका चित्राचा प्रत्येक भाग थोडाथोडा काळा करतो. आधी उजेड कोणत्या बाजूने येतो ते ठरवावे आणि कागदाच्या कोपऱ्यात त्या दिशेचा लहानसा बाण काढून ठेवावा. मग डोळे किलकिले करून पाहावे. बारकावे पुसले जातात आणि उजेड, मधली छटा व गडद सावली असे तीनच भाग उरतात. उजेडाच्या भागाला पेन्सिल लावूच नये. मधल्या छटेला २बी हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावी, आणि ४बी केवळ गडद भागासाठी, म्हणजे पोटाच्या खालच्या बाजूला, फऱ्याच्या मागच्या घडीत, पलीकडच्या पायांवर आणि खुरांखालच्या पडछायेत वापरावी. पलीकडचे दोन पाय अलीकडच्यांपेक्षा गडद केले की चारही पाय एका रांगेत उभे राहिल्यासारखे वाटत नाहीत.

काळ्या म्हशीच्या बाबतीत तिचा काळा रंग विसरावा आणि चकाकी काढावी. उन्हात उभ्या असलेल्या म्हशीकडे नीट पाहिले तर कमरेच्या हाडाचा उंचवटा, पाठीचा कणा, दोन-तीन बरगड्या, शिंगाची वरची कड आणि ओले नाक एवढ्या जागा पांढऱ्याच्या जवळ गेलेल्या दिसतात. पाण्यातून नुकतीच बाहेर आली असेल तर अधिकच. या जागा आधी फिकट रेषेने आखून कोऱ्या सोडाव्यात आणि उरलेले अंग दोन-तीन थरांत हळूहळू गडद करावे. एका दमात दाबून काळे केले तर ग्रॅफाइटला चमक येते, तिरक्या उजेडात तोच भाग पांढरा दिसू लागतो आणि कागदाचा दाणा दबल्यामुळे वर दुसरा थर बसत नाही. भुंग्याच्या कवचाचेही असेच करावे, फक्त तिथे चकाकीची कड धारदार असते आणि म्हशीच्या अंगावर ती मऊ होत जाते. अवयव कडक आहे की मऊ, हे पाहणाऱ्याला त्या कडेवरूनच कळते.

केसांच्या बाबतीत घाई नको. शेळीचा प्रत्येक केस काढू नये. केस कोणत्या दिशेने पडले आहेत ते पाहून सावली आणि उजेड जिथे मिळतात तिथेच आखूड फटकारे द्यावेत. उजेडात केस दिसत नाहीत आणि गडद सावलीतही दिसत नाहीत. पांढरी मांजर असेल तर मांजरीला हात न लावता तिच्या मागची भिंत गडद करावी. डोळ्यातला उजेडाचा ठिपका कोरा सोडावा, नंतर खोडून केलेला ठिपका मळकाच राहतो. शेळीची बाहुली आडवी असते आणि उन्हात मांजरीची उभी फट होते, तेव्हा सर्वांना एकच गोल बाहुली देऊ नये. माशीचे किंवा चतुराचे पंख काढताना पंखाला छटा देण्याऐवजी पंखातून पलीकडचे जे दिसते ते थोडे फिकट काढावे, आणि शिरा एचबीच्या अगदी टोकदार रेषेने.

वही मुलांच्या हातात फिरणार असल्याने एवढे करा: चित्र काढताना हाताखाली कोरा कागद ठेवा आणि बांधणी करताना दोन पानांमध्ये बटर पेपर घाला, म्हणजे ४बीचा काळा भाग समोरच्या पानावर उमटत नाही. प्रत्येक मुलासाठी प्रती काढायच्या असतील तर एचबीच्या फिकट रेषा झेरॉक्समध्ये उतरत नाहीत, तेव्हा बाह्यरेषा २बीने पक्क्या करून आधी एका पानाची प्रत काढून पाहा आणि मगच उरलेल्या पानांच्या छायांकनाला हात घाला.